सूछिनबाईंच्या कढईतली लीक

गांगशानच्या बाजारात थान सूछिनबाईंच्या गाळ्यावर पहिल्यांदा नूडल्स खाणारा माणूस नाक पुसतच उठतो. न पुसता उठला, तर बाईंना तो अपमान वाटतो. त्यांचे वडील फौजेबरोबर सेच्वानहून तैवानात आले ते हात हलवत. सोबत आणली ती फक्त एक कृती, वालासारखे जाड दाणे आणि लाल मिरची उन्हात आंबवून करायच्या चटणीची. त्या चटणीचे रांजण आजही बाईंच्या गच्चीवर उभे असतात. पावसाचा शिंतोडा आला की बाई आधी रांजण झाकतात, मग वाळत घातलेले कपडे काढतात. नवरा हयात होता तेव्हा त्याचा नंबर कपड्यांनंतरच लागायचा.

अशा बाईंच्या पोटी हानयू जन्मली आणि पंचविशीत तिने जाहीर केलं, की आजपासून मांस, मासे, अंडं, दूध, मध, सगळं बंद.

"मध का ग? मधमाशी तक्रार घेऊन आली होती का?" बाईंनी विचारलं.

पण लेक उपाशी राहिलेली कुठल्या आईला बघवते? बाई तोंडाने बडबडत राहिल्या आणि हाताने शिकत राहिल्या.

खरं घोडं अडलं ते लग्नाशी. मुलगा, सुंग तिंगवेइ, मेइनोंगच्या हाक्का समाजातल्या घरातला, सरळ आणि लाजाळू. त्याच्या आई, सुंगबाई, मात्र ताकास तूर लागू देत नव्हत्या. आधी म्हणाल्या, मुलगी वाघाच्या सालात जन्मलेली, अशी सून घरावर भारी पडते. मग भुतांचा महिना आला, त्यात लग्नाचं नाव काढायचं नाही. आता नवं साल तोंडावर आलं, आणि सालाबरोबर हानयूला एकोणतिसावं लागणार. नऊ आकड्याचं वय अशुभ, एकोणतिसाव्यात मुलीचं लग्न कोण करतं? म्हणजे आणखी वर्षभर थांबा. "वर्षभरात काय बेडूक उडून येईल तिला नवं कारण द्यायला," सूछिनबाई चिडून म्हणाल्या, आणि त्यांनी सुंगबाईंना रविवारी जेवायलाच बोलावलं. तारीख ठरवल्याशिवाय पाहुणीला उठू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत होता.

"आई शाकाहारी आहे, हानयूसारखीच," तिंगवेइने कळवलं. बाई खूश झाल्या. हाक्का लोकांची एक परतून केलेली भाजी असते: डुकराचं मांस, सुका माकूळ, टोफू आणि मूठभर लीक, म्हणजे लसणाच्या घरात जन्मून कांद्यापेक्षा धिप्पाड झालेली ती पात. बाईंनी तीच करायची ठरवली, बिनमांसाची. माकुळाच्या जागी उन्हात सुकवलेल्या अळंबीच्या पट्ट्या घेतल्या, मांसाच्या जागी दोनदा तळलेला घट्ट टोफू. लीक मात्र मूठभर नाही, चांगली मोठी जुडी. हिवाळ्यातली लीक, गोड आणि करकरीत. आणि वरून वडिलांची चटणी. व्याह्यांची भाजी, आपलं तिखट. सोयरीक कढईतच उरकून टाकायची होती त्यांना.

मध्येच त्यांना शंका चाटून गेली. "हानयू, त्यांना लीक चालते ना?"

"आई, लीक काय प्राणी आहे?" हानयू मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

बाईंनी चटणी तेलात सोडली, ती लाल होऊन तडतडली, आणि त्या आवाजात शंका विरून गेली.

सुंगबाई आल्या त्या केस चापूनचोपून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. पानं वाढली गेली. मधोमध वाफाळती कढई आली. सुंगबाईंनी उचललेल्या जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या.

"थानताई, यात लीक आहे?"

"आहे तर! भरपूर!"

"मी देवीचं व्रत पाळते. कांदा, लसूण, पात, लीक, काही शिवत नाही."

सूछिनबाईंनी कढई आपल्याकडे ओढून घेतली. साठीला टेकलेल्या बाईला हे ठाऊक नसावं? देवळातला शाकाहार वेगळा आणि हानयूचा वेगळा, हे गांगशानचं शेंबडं पोरही सांगेल. देवळातल्यांना दूध चालतं, लीक चालत नाही. हानयूला लीक चालते, दूध चालत नाही. दोन शाकाहारी एका टेबलावर, आणि एकीचं ताट दुसरीला वर्ज्य!

"तू सांगायचं नाहीस?" हानयूने तिंगवेइला कोपराने ढोसलं.

"आमच्या घरात कांदा कधी आलाच नाही. नसलेली गोष्ट कशी आठवणार?" तो बिचारा पुटपुटला.

"आत्ता दुसरं करते, बसा," म्हणत बाई स्वयंपाकघरात पळाल्या. कोबी चिरता चिरता डोळे भरून आले. आपल्या जिभेच्या हौसेपायी पोरीचं लग्न मोडलं, असंच त्यांना वाटत होतं.

मागे पाऊल वाजलं. सुंगबाई आत आल्या होत्या, आणि कोबीकडे न बघता ओट्यावर चिरून उरलेल्या लीककडे बघत होत्या.

"लीक आधी घातली की चटणी?"

"चटणी. मग टोफू. लीक अगदी शेवटी, नाहीतर मरते."

"माझी आईही शेवटीच घालायची." सुंगबाईंनी खोल श्वास घेतला. "तिंगवेइ सात वर्षांचा असताना ताप मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी हात टेकले. मी कुआनयिन देवीला बोलले, हा वाचू दे, याचं लग्न होईपर्यंत मांस नाही की लीक नाही."

"लग्न होईपर्यंत?" सूछिनबाईंचा सुरा थांबला.

"मांसाची आठवणही येत नाही आता. पण ही मेली लीक स्वप्नात येते."

"मग लग्न अडवता कशाला हो, स्वतःच्याच पोटावर पाय देऊन?"

सुंगबाईंनी ओट्यावरचं कोबीचं पान उचलून उगाच दुमडलं. मग हळूच म्हणाल्या, "भीती वाटते. मी तोंड आवळलं म्हणून तो जगला, असं वाटतं. नवस फिटल्यावर त्याला काही झालं तर? मग मी काय सोडू?"

सूछिनबाईंचा सगळा राग उतरला. पदरी एकच लेकरू असलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी हात पुसून सुंगबाईंचा हात धरला. "माझी पोरगी मधमाशीला दुखवत नाही. तुमच्या मुलाला दुखवेल का?"

सुंगबाई फिसकन हसल्या, आणि मग डोळे टिपत राहिल्या. बाहेर येऊन त्या कोबी-भाताचा शेवटचा दाणाही संपवून उठल्या. निघताना दारात बूट घालत तिंगवेइला म्हणाल्या, "देवळात जाऊन लग्नाचा दिवस काढून आण. नवं साल लागायच्या आतला. एकोणतिसावं लागू देऊ नकोस पोरीला."

हानयूने तिंगवेइचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला.

दोन पायऱ्या उतरून सुंगबाई थांबल्या. सहा महिने त्या "थानताई, थानताई" करत होत्या.

"आणि विहीणबाई," त्या मागे वळून म्हणाल्या, "त्या दिवशी ही भाजी माझ्यासाठी वेगळी काढून ठेवा. तिखट कमी केलंत तर बघा."