हरकत कुणाची?

आमचे साहेब इंग्रज. गावाकडचे लोक फोनवर विचारतात, "अजून इंग्रजांच्या हाताखालीच का रे?" आणि मी इथे गल्फमध्ये, ईसा टाउनमधल्या दोन खोल्यांतून हो म्हणतो. मी ड्राफ्ट्समन आहे. साहेब हवेत बोटाने रेघ मारतात, मी ती कॉम्प्युटरवर सरळ करतो. बारा वर्षं आमचं हेच चाललं आहे.

त्या हिवाळ्यात साहेबांवर आभाळ कोसळलं. इंग्लंडातल्या त्यांच्या गावी चर्चच्या मागे एक कुरण आहे, तिथे कुठलासा बिल्डर घरं बांधणार होता. कुरण साहेबांचं नव्हे. साहेबांचं तिथे एक घर आहे, त्यात ते उन्हाळ्यात दोन आठवडे राहतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुरणाकडे बघतात. त्या बघण्यावर गदा आली होती. गावात समिती स्थापन झाली, फोनवर ग्रुप झाला, आणि अकराच्या चहाला साहेब आम्हाला लोकांनी कौन्सिलला पाठवलेली पत्रं वाचून दाखवू लागले. कुणी चंडोल पक्ष्यांबद्दल लिहिलं होतं, कुणी पायवाटेबद्दल. एका बाईंनी चार पानं फक्त कुंपणाच्या झुडपांवर लिहिली होती. ती वाचताना साहेबांचे डोळे भरून आले. आमच्या ऑफिसातल्या एका माणसाचा बाप वारला तेव्हा साहेबांनी घड्याळ बघून तीन दिवसांची रजा दिली होती, ते मला आठवलं.

या पत्रांना ते ऑब्जेक्शन म्हणत. म्हणजे आपली हरकत. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागते, 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत', आणि ती वाचायला जाईपर्यंत मुदत संपलेली असते. आमची वस्ती तर गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. तिला तिथे ठेवताना कुणी कुणाच्या हरकती मागवल्या होत्या, असं आमच्या आजोबांनी कधी सांगितलं नाही. तेव्हा कुणालाही, अगदी दोन आठवडे राहणाऱ्यालाही, हरकत घेता येते आणि कौन्सिल ती वाचतं, हे ऐकून मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

आता त्याच टेबलावरची दुसरी गोष्ट. बुदैयाच्या रस्त्याला लागून एक जुनी खजुरांची बाग होती. मालक तिथलाच, म्हातारा, आणि बाग सांभाळणारे आमचे एक काका. आमचे म्हणजे नात्याने नव्हे. ते गुहागरकडचे, मी मराठवाड्याचा, पण परदेशात मराठी ऐकली की माणूस काका होतो. खजुरांच्या सावलीत, पाटाच्या कडेला त्यांनी अळू लावला होता. दर शुक्रवारी मी बायकोला आणि मुलीला घेऊन तिथे जायचो. बायको अळूची पानं निवडून घ्यायची, मुलगी पाटात पाय सोडून बसायची. आमच्या मुलीला मराठी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. काकांशी ती मोडक्या मराठीत का होईना, बोलायची. तिने तेवढं बोलावं म्हणूनही आम्ही जात होतो.

त्या बागेवर व्हिला बांधायच्या होत्या, आणि त्यांचा नकाशा आमच्याच ऑफिसात होता. माझ्याच कॉम्प्युटरवर.

साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ही सगळी झाडं एका लेअरवर, वेगळ्या थरावर घे. नाव दे, 'खजूर, काढून टाकणे'." मी एकेक झाड टिपून घेतलं. कोणतं झाड कुठे आहे हे मला सर्व्हेपेक्षा जास्त ठाऊक होतं. पाटाजवळच्या वाकड्या खजुरावरही मी क्लिक केलं. हात थांबला नाही. हाताला पगार मिळतो.

लगेच दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि कुरणाचे फोटो समोर ठेवले. गावच्या सभेसाठी नकाशा हवा होता. कुरण, झुडपं, पायवाट, आणि जुनी ओक झाडं जिथल्या तिथे. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. "तुझ्यासारखी रेघ कुणाची नाही, माय फ्रेंड," असंही म्हणाले. बारा वर्षांत माझी रेघ त्यांना पहिल्यांदाच दिसली.

मी मन लावून काढलं. आता चूक कशी झाली ते सांगतो. ओकचं झाड मी जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या ऑफिसात झाड म्हणजे खजूर, दुसरं चिन्हच कुणाला लागत नाही. मी बुदैयाच्या नकाशातून झाडं उचलली आणि कुरणात ओळीने लावली. चिन्हं बदलायची, सोबत आलेलं लेअरचं नाव बदलायचं, असं ठरवलं होतं. तेवढ्यात साहेबांनी यल्ला यल्ला, म्हणजे आटप आटप, केलं, फोनवरच बघून 'ब्यूटिफुल' म्हणाले आणि पाठवून दिलं.

सभेत तो नकाशा भिंतीवर मोठा करून दाखवला. चर्चमागच्या त्या कुरणात ओळीने झाडं, आणि कोपऱ्यात स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं: 'खजूर, काढून टाकणे'. झुडपांवर चार पानं लिहिणाऱ्या बाईंनी उभं राहून विचारलं म्हणे, आपल्या गावात खजूर कधीपासून, आणि काढायला कोण निघालंय?

साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझं हसं केलंस. झाड म्हणजे तुला काय, नुसतं चिन्ह?"

मी म्हणालो, "सर, ती झाडं खरी आहेत. बुदैयाला आहेत."

"ते वेगळं," साहेब म्हणाले. "ते काम आहे."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. झाडांनाही ही म्हण लागू पडते हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच शुक्रवारी काकांनी मला बाजूला घेतलं. बाग जाणार हे त्यांच्या कानावर आलं होतं. "तू हापिसात असतोस," ते म्हणाले, "मना येक अर्ज लिवून दे. ही झाडं मी लानाची मोटी केली, येवडंच लिव. मालकाला देतो, आनि कोन सायब आसंल त्येला देतो."

तो साहेब कोण हे मी त्यांना सांगितलं नाही. लिहितो म्हणालो. पुढच्या शुक्रवारी म्हणालो, कामात होतो. त्यापुढच्या शुक्रवारी आम्ही बुदैयाला गेलोच नाही, बायकोला सांगितलं की ट्रॅफिक असतो. साहेबांची मी इथे एवढी चेष्टा करतोय, पण साहेब निदान आपल्या खिडकीसाठी भांडले. मी एक पान लिहायला घाबरलो. माझा व्हिसा, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांपुढे आलं. भित्र्याला कारणं कधी कमी पडत नाहीत.

मार्चमध्ये कुरण वाचलं. कौन्सिलने बिल्डरला परत पाठवलं. साहेबांनी ऑफिसात केक आणला आणि सामान्य माणसाच्या आवाजात किती ताकद असते यावर भाषण केलं. केक चांगला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

काकांचा फोन आला तो त्याच आठवड्यात. त्यांना मआमीरजवळच्या एका गोदामात काम मिळत होतं, पण आधीच्या मालकाचं पत्र लागणार होतं. गल्फमध्ये या पत्राशिवाय माणूस हलत नाही, असं सगळेच मानतात: नो ऑब्जेक्शन. आपलं ना हरकत. "येवडं तरी लिवून दे," काका म्हणाले. हे मी अर्ध्या तासात टाइप केलं. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

पत्र घेऊन बागेत गेलो. झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगाचे पट्टे मारले होते, माझ्या नकाशाबरहुकूम. म्हाताऱ्या मालकाने उभ्याउभ्या सही केली, "मफी मुश्किल", म्हणजे काही अडचण नाही, म्हणाला आणि गाडीत बसून गेला. काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात काय लिवलंस?"

"हरकत नाही, असं."

"कोनाची?"

"मालकाची."

"आनि माजी?" काकांनी विचारलं. "माजी हरकत खंय लिवतात?"

पाटाचं पाणी बंद केलं होतं, अळू माना टाकून पडला होता. काकांनी त्यातलीच बरी पानं खुडली, जुडी बांधली आणि माझ्यापुढे धरली. "शेवटची हाय. वाईच सुकलीय. चालंल न्हवं?"

आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, "काही हरकत नाही, काका."