ओढ्यावरून आलेली पेटी

आमच्या केंद्रात ड्रोन येणार असं कळलं त्या संध्याकाळी मी आधी नवऱ्याला सांगितलं, मग परभणीला शिकणाऱ्या लेकीला फोन लावला, आणि तिच्याशी बोलण्याच्या नादात चुलीवरची भाजी करपली. लेक म्हणाली, "आई, ड्रोन तर लग्नातसुद्धा असतात आता." मी म्हटलं, "लग्नातला फोटो काढतो. आमचा औषधं आणणार आहे."

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. आमचं गाव जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या पाण्यापासून फार लांब नाही. तालुक्याला जाताना मधे ओढा लागतो आणि त्यावर नळकांडी पूल आहे. वर डोंगराकडे पाऊस झाला, की इथे कोरडं असलं तरी पुलावरून पाणी जातं. मग ॲम्ब्युलन्स पलीकडे आणि आम्ही अलीकडे. ओढ्याच्या काठावर, पाणी ओसरायची वाट बघत, ताडपत्रीच्या आडोशाला मी बाळंतपणं केली आहेत. त्यामुळे पाण्यावरून काहीतरी उडून येणार हे ऐकून मला जे वाटलं, ते लेकीला फोनवर समजणं कठीण होतं.

काही महिने चाचणी म्हणून ड्रोन चालवणाऱ्या एका कंपनीची माणसं पाहणीला आली. त्यांना झाडं नसलेली, तारा नसलेली मोकळी जागा हवी होती. केंद्राच्या आवारात कडुलिंबाचं मोठं झाड आणि विजेच्या तारा. मी त्यांना आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारापुढची जागा दाखवली. विहाराच्या वडीलधाऱ्यांना विचारायला गेले तर ते म्हणाले, "दवाखान्याचं काम हाय न? मग इचारायलीस कशाला?"

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी सगळं गाव तिथे लोटलं. गावातली कित्येक माणसं त्या जागेत पहिल्यांदाच उभी होती. लांबून मोहोळ उठल्यासारखा आवाज आला, ठिपका मोठा झाला, आणि तो ड्रोन आमच्या डोक्यावर एका जागी उभा राहिला. मग त्याच्या पोटातून दोरीवर एक पेटी हळूहळू खाली आली. पेटी टेकली, दोरी सुटली, आणि तो वळून निघून गेला. पेटीत लसी होत्या, थंडगार. मी त्या घेऊन केंद्राकडे चालत निघाले, पण खरं तर मला पळायचं होतं.

चाचणीच्या त्या महिन्यांत माझं काम ठरलेलं होतं. नारंगी ताडपत्री अंथरायची, शेळ्या-कुत्री हाकलायची, वारा बघायचा आणि फोनवर "जागा मोकळी आहे" असं सांगायचं. पलीकडे तालुक्याच्या दवाखान्याच्या गच्चीवर ड्रोन उडवणारी मुलगी बसायची. ती देवगाव फाट्याकडची. आधी शेतात फवारणीचे ड्रोन चालवायची. आम्ही अजून भेटलो नव्हतो, पण फोनवर चांगली ओळख झाली होती. "ताई, शेळ्या गेल्या का? मला कॅमेऱ्यात एक दिसायलीय," असं ती म्हणायची, आणि खरंच विहाराच्या पायरीमागे एखादी शेळी असायची. क्षयाच्या तपासणीसाठी बेडक्याचे नमुने दोरीला अडकवलेल्या पेटीतून इथून जायचे, लसी आणि औषधं तिकडून यायची. आठवड्यातून किती तरी वेळा हे व्हायचं, तरी तो आवाज आला की मी हातातलं काम टाकून वर बघायचे.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. परतीचा पाऊस सकाळपासून पडत होता आणि पुलावरून पाणी चाललं होतं. दुपारी एका मोटारसायकलवर, नवरा आणि दीर यांच्या मधे धरून बसवलेली एक बाई आली. माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. सोयाबीनची गंजी झाकायला ताडपत्री ओढताना तिच्या हाताला नाग चावला होता.

"नागच होता का?" आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं. त्या नाशिककडच्या, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

"फणा काढला हुता, मॅडम. म्या डोळ्यानं बघितला," नवरा म्हणाला.

बाईच्या पापण्या जड झाल्या होत्या. बोलणं नाकातून येत होतं. काढणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येऊन गेल्यामुळे आमच्याकडची प्रतिविषाची इंजेक्शनं संपली होती आणि नवीन साठा पुराच्या पलीकडे होता. मॅडमनी होती ती औषधं दिली, सलाईन लावलं, श्वास देण्याची पिशवी जवळ घेतली आणि माझ्याकडे बघितलं. दोघींच्या मनात एकच आलं. मी फोन लावला.

"ताई, आत्ता नाही उडवता येणार," ती मुलगी म्हणाली. "पाऊस जोरात हाय. थोडा कमी झाला की लगेच. इंजेक्शनं आणायला माणूस खाली पळालाय."

मी बाईपाशी गेले. तिला मान धरता येत नव्हती. "वैनी, माझा आवाज ऐकू येतो का?" तिने बोट हलवलं. नवरा पायाशी उभा होता. त्याने मला हळूच विचारलं, "सिस्टर, ते वरून येणार म्हणायलाव, ते खरंच येतंय का पावसात?"

"येतं," मी म्हणाले. पावसात ते आलेलं मी कधीच बघितलं नव्हतं.

थोड्या वेळाने पत्र्यावरचा आवाज कमी झाला. फोन वाजला. "निघाला, ताई. जागा मोकळी करा."

मॅडम तोवर पिशवी दाबून बाईला श्वास देऊ लागल्या होत्या. त्या नुसतं "जा" म्हणाल्या. मी चिखलातून पळाले. दोन वेळा घसरले. विहारापुढे पोचले तर आमच्या वस्तीतल्या बायकांनी ताडपत्री आधीच अंथरली होती आणि चारी कोपऱ्यांवर त्या स्वतः उभ्या होत्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. बातमी माझ्या आधी पोचली होती.

आवाज आला. ढग इतके खाली होते, की तो एकदम समोरच दिसला. वाऱ्यात डावीकडे सरकला, परत आला. पेटी खाली येताना झोक्यासारखी हलत होती. फोनवर ती मुलगी म्हणत होती, "हात लावू नका, टेकू द्या, टेकू द्या." पेटी ताडपत्रीच्या कडेला टेकली आणि दोरी सुटली. मी ती छातीशी धरली. परत पळताना मला चिखल लागलाच नाही, असं आज वाटतं.

पेटीत इंजेक्शनच्या बाटल्या कापसात नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यात भुकटी असते, ती पाण्यात विरघळवावी लागते, आणि जोरात हलवली तर फेस होतो. अशा घाईत एकेक बाटली सावकाश फिरवत बसणं ही परीक्षाच होती. सगळं सलाईनमधून सुरू झालं. मॅडम पिशवी दाबत होत्या, त्या दमल्या की मी दाबत होते.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. बाहेर पुन्हा पाऊस लागला होता. मग पिशवी दाबताना मला मधेच तिचा स्वतःचा श्वास जाणवला, माझ्या हाताच्या विरुद्ध. मी थांबले. तिने परत घेतला. मॅडमनी तिच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, "डोळे उघडता येतात का?" एक पापणी अर्धी वर गेली. मग दुसरी.

नवरा भिंतीला टेकून खाली बसला. "बघायलीय," तो म्हणाला. "सिस्टर, माज्याकडं बघायलीय ती."

मॅडम दाराबाहेर गेल्या आणि पावसात उभ्या राहून हसू लागल्या. मी गच्चीवरच्या त्या मुलीला फोन लावून सांगितलं, बाईने डोळे उघडले. ती म्हणाली, "ताई, ड्रोन सुखरूप परत आलाय. मी लय घाबरले हुते."

संध्याकाळी पाणी उतरल्यावर ॲम्ब्युलन्स आली आणि बाईला तालुक्याला नेलं. काही दिवसांनी ती घरी आली. हाताची जखम भरायला वेळ लागला, पण आता ती शेतात जाते. कधी केंद्रात आली, की ड्रोन तिला मुळीच दिसला नाही, याचीच तक्रार करते. "साऱ्या गावानं बघितला, अन् जिच्यासाठी आला तीच झापड लावून पडलेली."

चाचणीचे महिने संपले तेव्हा मला वाटलं होतं, ताडपत्री आता गुंडाळून ठेवायची. पण काम पुढे चालू राहिलं, आणि केंद्रातल्या कोणीतरी ड्रोन चालवायला शिकावं असं ठरलं. मॅडमनी विचारायच्या आत मी माझं नाव दिलं. लेक फोनवर खूप हसली आणि शेवटी म्हणाली, "व्हिडिओ पाठव."

शिकवायला देवगाव फाट्याकडची तीच मुलगी आली. पहिल्यांदा समोरासमोर भेटलो. आवाजावरून मला ती उंच वाटली होती, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागते. विहारापुढच्या जागेतच तिने माझ्या हातात तो रिमोट दिला आणि म्हणाली, "अंगठा हळू पुढं न्या, ताई. घाई नको."

मी अंगठा हळूच पुढे नेला. पाती फिरली, गवत आडवं झालं, आणि ते जड धूड जमिनीवरून सुटून माणसाच्या उंचीवर येऊन थांबलं. ते माझ्या अंगठ्याने थांबलं होतं. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मी वळून बघितलं नाही. उतरवताना मात्र जरा आदळलंच. ती काही बोलायच्या आत मी विचारलं, "परत एकदा उडवू का?"