कणगी भरल्यावर या

फादर सेबास्टियन गेल्याची बातमी मला मिरजेहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं दिली. शाळेसाठी मागवलेला खडूचा खोका खिडकीतून हातात देता देता तो म्हणाला, "मास्तर, तुमचा पाद्रीबाबा गेला की वो. पुण्याच्या दवाखान्यात." आणि घंटी मारून गाडी निघूनही गेली. मी खोका घेऊन फाट्यावर तसाच उभा... 'तुमचा' पाद्रीबाबा! सात-आठ वर्षांपूर्वी मला कुणी असं म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी हमरीतुमरीवर आलो असतो. त्या दिवशी मात्र तो शब्द ऐकून आधी बरं वाटलं, आणि मग भर दुपारी, चहाच्या टपरीवरच्या चार माणसांसमोर, मला रडू आलं. टपरीवाल्यानं काही न विचारता चहा पुढं केला.

महिना उलटून गेला त्याला. पुण्याला मातीला जायला मला रजा मिळाली नाही, म्हणजे मी ती भांडून घेतली नाही. त्याची रुखरुख आहेच. पण लिहायला बसलो आहे ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी, आणि ती सांगायची तर आधी माणूस सांगायला हवा. आमचं गाव कवठे महांकाळपासून दोन-अडीच कोसांवर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून हयात आहेत आणि त्यांच्यापैकी निम्म्यांशी माझं रोजचं बोलणं आहे. गावाबाहेर माळावर मिशन: एक बसकं देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, त्याला लागून दवाखान्याची खोली, मागं दफनभूमी. आसपासच्या दहाबारा वाड्यावस्त्यांत मिळून किरिस्तावांची मोजकी घरं. त्या घरांसाठी हे फादर वसईहून आले आणि सोळा वर्षं राहिले. कागदावर सेबास्टियन, वसईच्या घरी बस्त्याव, आमच्याकडं पाद्रीबाबा. उंच, हाडकुळे, पांढऱ्या झग्याचा खालचा वीतभर भाग कायम लाल मातीनं माखलेला. सुक्या बोंबलासाठी जीव टाकायचे आणि आमच्या बाजारात बोंबील मिळत नाही म्हणून दर आठवड्याला नव्यानं हळहळायचे.

त्यांची एक पद्धत मी फार दिवस लबाडी समजत होतो. कुणाच्याही दारात गेले की आधी जनावराची चौकशी. म्हैस कितवी व्याली, बैलाच्या खांद्याची सूज उतरली का. माणसांचं शेवटी. मी एकदा त्यांना टोचून विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, घरात काय बिघडलंय हे माणूस पाहुण्याला सांगत नाही. म्हशीचं विचारलं की बोलत बोलत येतो तिथवर." नंतर शाळेतल्या पोरांच्या बापांशी बोलताना मी स्वतः हेच करायला लागलो, आणि ते कुठून उचललं हे कुणाला सांगितलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ इकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गावच्या विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीला गेली, बायामाणसं सरकारी कामावर खडी फोडायला बसली. कामावर पोटाला सुकडीचं पीठ मिळायचं. मिशननं आपली विहीर खोल करायचं काम काढलं, आणि कामावरच्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना कार्डावर गहू, तेल, दुधाची भुकटी द्यायला सुरुवात केली. आता मी तेव्हा तिशीतला, जिल्हा परिषदेचा मास्तर, महिन्याचा पगार सुरू, आणि डोक्यात देशाची काळजी. गहू दिसला की मला त्यामागं बाप्तिस्मा दिसायचा. अक्षर चांगलं म्हणून गावातले अर्ज नेहमी माझ्याच हातचे. मी मामलेदारांना लांबलचक अर्ज लिहिला: धान्याचं आमिष दाखवून गरिबांना बाटवलं जात आहे, सबब चौकशी व्हावी. खाली पंचवीसतीस अंगठे घेतले. त्यातल्या निम्म्या अंगठ्यांना अर्जात काय आहे हे मी नीट सांगितलंही नव्हतं.

जीप आली. फादरांनी मामलेदारांपुढं बाप्तिस्म्याची वही उघडून ठेवली. दुष्काळ सुरू झाल्यापासून त्यात एकही नाव नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याकडं बोट दाखवणार. पण ते देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि जमलेल्या माणसांना म्हणाले, "दुष्काळ आहे तोवर माझ्या हातून कुणाचाही बाप्तिस्मा होणार नाही. ज्याला खरंच हवा असेल त्यानं सुगी झाल्यावर यावं. कणगी भरल्यावर या." मामलेदार खूश झाले. मी तर जिंकूनच घरी आलो, आणि त्या दिवशी, त्या दिवसांत, मी एक भाकरी जास्त खाल्ली. हे आज लिहिताना लाज वाटते.

चार दिवसांनी फादर शाळेत हजर. "अर्ज तुमच्या हातचा होता ना? अक्षर फार सुंदर आहे. माझी बिशपसाहेबांना जाणारी पत्रं लिहून द्याल का? माझं अक्षर त्यांना वाचता येत नाही." मी गोंधळून हो म्हटलं. त्यांच्यावर नजर ठेवता येईल, अशी मी मनाची समजूत घातली. नजर ठेवायला म्हणून दर रविवारी संध्याकाळी जायला लागलो आणि आल्याचा चहा पीत दोनदोन तास बसायला लागलो.

त्या नियमात सगळ्यात आधी अडकली ती चंद्राक्का. एकटी म्हातारी, साठीच्या पुढची. तिची एकुलती लेक हौसा मिशनच्या दवाखान्यात काम करता करता किरिस्ताव झाली होती आणि काविळीनं गेली. तिची माती मिशनच्या दफनभूमीत. चंद्राक्काला लेकीशेजारी जागा हवी होती, आणि हौसा ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं जायचं होतं. दोन वर्षं ती मार्थाबाईकडं, म्हणजे मिशनमध्ये प्रार्थना शिकवणाऱ्या आणि गव्हाची कार्डं सांभाळणाऱ्या बाईकडं, नेमानं शिकत होती. दुष्काळाच्या आधीपासून. येत्या ईस्टरला तिचा बाप्तिस्मा ठरला होता, आणि माझ्या अर्जानं तो पुढं ढकलला.

ती फादरांशी बोलायला आली तेव्हा मी तिथं पत्र लिहीत बसलो होतो.

"बाबा, मी तुमचा गहू घेत न्हाई आता. कार्ड मार्थाकडं दिऊन टाकलंय. मग मला कशापायी थांबिवताय?"

"अक्का, तुझं मन मला माहीत आहे. पण लोकांना माहीत नाही."

"मरायचं मला हाय, बाबा. लोकास्नी न्हाई."

फादर म्हणाले, "एकाला दार उघडलं तर सगळे म्हणतील, बघा, होतंच. कळ काढ. कणगी भरू दे." तिनं मान हलवली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत माझ्यासमोर उभी होती.

"आवं मास्तर, तुमी लिवलं तवा बाबानं दार लावलं. आता तुमीच लिवून द्या, का म्हातारी आता मूठभर गहूबी घेत न्हाई. तुमचं समदे ऐकत्यात."

मागणं सरळ होतं. मला ते खरं आहे हेही माहीत होतं. ती खडीवर जात होती, सुकडीवर दिवस काढत होती, आणि मिशनच्या गव्हाच्या रांगेकडं पाठ करून घरी जात होती. पण तसं लिहून देणं म्हणजे माझा अर्ज फोल होता असं माझ्याच सुंदर अक्षरात कबूल करणं. मी म्हटलं, "बघू अक्का. परीक्षा आटपू देत." ती तीनदा आली. तिन्ही वेळा मी 'बघू' म्हटलं. रविवारी चहा पिताना फादरांना तोंडी सांगायलाही माझी जीभ वळली नाही.

मग एके दिवशी दुपारच्या सुट्टीत मार्थाबाई धापा टाकत आली. चंद्राक्का खडीवर चक्कर येऊन पडली होती, माणसांनी उचलून घरी आणली होती, घोटभर पाणी पोटात ठरत नव्हतं. फादर आदल्या दिवशीच मिरजेला गेलेले. "मास्तर, ती तुमास्नीच बोलावतीया," मार्थाबाई म्हणाली. मला कळलं कशासाठी ते. मी कागद आणि टाक घेतला आणि धावलो. तिच्या खोपटात उंबऱ्याशीच बसून लिहायला लागलो.

"आता कागूद ऱ्हाऊ द्या," चंद्राक्का म्हणाली. आवाज पार खोल गेला होता. "पानी घाला."

मला वाटलं प्यायला मागते आहे. मार्थाबाईनं सांगितलं, की ती बाप्तिस्म्याचं म्हणते आहे. मी दचकलो. "अहो, मी हिंदू माणूस, मी कसा घालणार?"

"जीव जायच्या घाईला कुणीबी घातलं तर चालतं, मास्तर. हिंदू असूं दे न्हाईतर कोन असूं दे. बाबानंच शिकिवलंय आमाला. तिला जे पायजे तेच द्यायचं, येवढं मनात असलं म्हंजे झालं."

"मग तुम्हीच घाला की."

चंद्राक्कानं डोळे उघडले. "हिनं घातलं तर म्हंतील, गव्हावालीनं गव्हासाठी घातलं. तुमी घातल्यावर कोन काय म्हणंल?"

मी कागद बाजूला ठेवला आणि मडक्याशी गेलो. मडक्यात टँकरचं तळातलं गढूळ पाणी होतं. तांब्याभर घेतलं. नाव कोणतं ठेवायचं असं मार्थाबाईनं विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "चंद्राच. हौसाला वळखायला पायजे." मार्थाबाईनं मला शब्द सांगितले, दोनदा म्हणवून घेतले. मग मी तिच्या कपाळावर तीनदा पाणी सोडलं आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं तिला बाप्तिस्मा दिला. निम्मं पाणी उशाच्या वाकळेवर गेलं.

दुसऱ्या दिवशी फादर परतले ते थेट तिथंच आले. मी आधीच येऊन बसलो होतो, बोलणी खायच्या तयारीनं. त्यांनी तपासनिसासारखे प्रश्न विचारले. पाणी कपाळावरून वाहिलं का? शब्द कोणते म्हटले? मनात काय होतं? मी म्हटलं, "तिला जे हवंय ते मिळावं, एवढंच होतं." ते झग्यासकट खाली मातीत बसले. "मग झालं," ते म्हणाले. "आता मलासुद्धा तिला थांबवता यायचं नाही." आणि हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

चंद्राक्का पडल्या पडल्या म्हणाली, "बाबा, आता तुमचा गहू खाल्ला तर चालंल न्हवं?"

फादरांनी स्वतः मिशनच्या गव्हाची पातळ पेज केली आणि चमच्यानं तिला भरवली. दोन दिवस ते तिच्या खोपटातून फारसे हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. हौसाच्या शेजारी तिला जागा मिळाली. खांदा देणाऱ्यांत मी होतो, आणि गावातून मला कुणी एक शब्द विचारला नाही. म्हातारीचा अंदाज अचूक होता.

दफनभूमीतून परतताना फादर मला म्हणाले, "मास्तर, मी तुमच्या अर्जाला भ्यालो. माझं नाव राखायला तिला थांबवलं. भ्यायचंच होतं तर तिच्या तहानेला भ्यायला हवं होतं." तेव्हाच मी सांगायला हवं होतं, की ती माझ्या दारात तीनदा आली होती. माझ्या नुसत्या चार ओळींनी त्यांचं दार उघडलं असतं आणि ती महिनाभर आधीच गव्हाची पेज प्यायली असती. मी मान खाली घालून चालत राहिलो... पुढची सहा वर्षं तसाच राहिलो. दुष्काळ सरला, कणग्या भरल्या. बाप्तिस्मा मागणाऱ्या घरांपैकी काही परत आली, काही आलीच नाहीत. न आलेल्यांच्या म्हशींचीही चौकशी फादर पूर्वीसारखीच करत राहिले. आमचे रविवार चालू राहिले, पत्रं लिहिणं चालू राहिलं. पुण्याला नेण्याआधी त्यांना भेटलो तेव्हा पोटाच्या दुखण्यानं ते पार वाळले होते. त्यांनी विचारलं, "मास्तर, काही सांगायचं राहिलंय का?" ते कदाचित सगळ्यांनाच असं विचारत असतील. मी म्हटलं, "नाही फादर, तुम्ही बरे होऊन या."

परवा मिशनमध्ये गेलो. त्यांच्या जागी नवे फादर आलेत, तरुण, मंगळूरकडचे. त्यांना मराठी वाचायला जड जातं म्हणून बाप्तिस्म्याची जुनी वही माझ्यापुढं ठेवून म्हणाले, यातलं हस्ताक्षर जरा लावून द्या. मी पानं उलटत गेलो. दुष्काळाच्या वर्षात एकच नोंद. नाव: चंद्रा. धर्ममाता: मार्था. बाप्तिस्मा देणारा, या रकान्यात माझं पूर्ण नाव, पुढं 'शिक्षक'. ते त्यांनी लिहिलं आहे हे मला ठाऊक होतं, त्यांनीच सांगितलं होतं. शेवटचा शेऱ्याचा रकाना मात्र मी कधी पाहिला नव्हता. तिथं त्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'उशीर माझ्याकडून झाला.'

मी नव्या फादरना विचारलं, या ओळीखाली मला एक ओळ लिहिता येईल का. ते संकोचून म्हणाले, वहीत मागाहून कुणी काही लिहायचं नसतं. म्हणून ती ओळ मी इथं लिहितो आहे. उशीर त्यांच्याकडून झाला नाही. माझ्याकडून झाला.