मान वळवणारं कोकरू

नांदेड फाटा मागे टाकून भैरूअण्णा पुढं चालले होते. हातातल्या दोरीला त्यांचा एडका, झुंजीचा मेंढा, होता, शिंगांवर कालचं रक्त वाळलेलं. मागून सून तनुजा चालत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. अण्णा खडकवासल्याच्या खाटकापर्यंत न जाता वाटेतूनच परततील, म्हणून घरच्यांनी तिला सोबत धाडलं होतं.

काल टकरीत समोरच्या एडक्यानं मान वळवली, म्हणजे हरलो म्हणून सांगितलं. अण्णांचा थांबला नाही. त्यानं बरगडीत धडक दिली, मागं सरून पुन्हा दिली. फासळ्या मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. ते जनावर रक्त ओकत मेलं. सोडवायला गेलेल्या त्यांच्या गड्याची, कचरूची, मांडी मोडली, हाड बाहेर आलं. जमिनी विकून गाड्या घेतलेली मंडळी टाळ्या पिटत होती.

"अण्णा, मान वळवणाऱ्यांचं तुम्ही काय करायचात?"

"काय करनार? सुरी. तीस वर्सं. पळपुट्याची अवलाद दावणीला कशाला?"

"रानातल्या मेंढ्यांत हरलेला मान वळवतो, जिंकलेला थांबतो. दोघं जगतात, दोघांना पिल्लं होतात. न थांबणारा एक दिवस स्वतःचंच डोकं फोडून घेतो, त्याचा वंश उरत नाही. अशा हजारो पिढ्या गेल्या तेव्हा ती समज अंगात मुरली. देवानं घाई केली नव्हती."

"आन् म्यां तीस वर्सांत काढून टाकली व्हय?"

"हो."

"मास्तरीण हायेस, जरा गोड सांगायचं," अण्णा म्हणाले.

पुढं एका नव्या संगणक कंपनीची काचेची इमारत होती. काचेत एडक्याला दुसरा एडका दिसला. दोरी अण्णांच्या तळहाताची सालटी काढत निसटली. तो धडकला, मागं सरला, पुन्हा धडकला. समोरचा काही हटेना. कपाळ फुटून डोळ्यांत रक्त उतरलं तरी तो थांबेना. चौथ्या धडकेला काच फुटली आणि तिचा सुळका त्याच्या गळ्यात शिरला.

श्वास संपेपर्यंत अण्णा त्याच्या मानेवर हात ठेवून बसले. तनुजानं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पहारेकरी ओरडत होता, तिकडं अण्णांचं लक्ष नव्हतं.

"घरी याची दोन कोकरं हायती," ते शेवटी म्हणाले. "खेळताना कंचं मान वळवतंय बघ. त्ये तुझ्या म्हायेरच्या कळपात सोड. आन् पोरी, उद्या मी टकरीसाठी मागाय आलो, हात जोडले, तरी मला दिऊ नको."