तळ्याखाली कुणाचं गाव?

आईला कुवेतला आणायला गावी गेले, तेव्हा गाडी दारात उभी राहिली तरी ती निघेना. शेजारच्या वहिनींना कोंबड्यांचं सांगून झालं, पुन्हा एकदा सांगून झालं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच: "लेकीकडं जाती, पर ऱ्हायाची न्हाई." न्हाणीत पडून तिचा हात मोडला होता. तिला एकटं ठेवायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

कुवेतमधल्या अब्बासियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिला काहीच पटेना. एसीने गुडघे धरतात, खिडकी उघडायची नाही, खाली उतरावं तर ऊन. म्हणून माझ्या नवऱ्याने, नितीनने, जुलैत ऑस्ट्रियाची ट्रिप काढली. उन्हाळ्यात इथले निम्मे लोक तिकडेच पळतात. तिच्या व्हिसासाठी खेटे मी घातले, आणि विमानात तोंड वाकडं तिचं!

तिथे एका तळ्यात बोटीने निघालो. दोन्ही बाजूंना माथ्यावर बर्फ असलेले डोंगर, मधे हिरवंगार पाणी. बोट आवाज न करता चाललेली, माणसंही गप्प. आईने खणखणीत आवाजात विचारलं, "हितं कुठलं गाव बुडालंय?"

"आजी, इट्स नॅचरल. नोबडी लिव्ड हिअर," आमची इरा म्हणाली.

"एवढं पानी उगंच साठतंय व्हय?"

मग तिने बोटवाल्याला विचारलं. मराठीतच. माझे आईवडील दोघेही धरणग्रस्त. धरणाच्या पाण्याखाली गेलेले गोठे आणि देऊळ ऐकतच मी वाढले. पण इथेही तेच? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पलीकडच्या काठाला उतरून, जंगलातल्या पायवाटेने वरच्या लहान तळ्याकडे जायचं होतं. अर्ध्या वाटेत आई दगडावर बसली. "तुमी जावा." मागे माणसं खोळंबली आणि माझा बांध फुटला.

"तुझ्यासाठी केलंय ना हे सगळं? एक दिवस तरी ते गाव सोड! आणि एकटं राहायचा हट्टपण सोड. काय ठेवलंय तुझं तिथे? सरकारने दिलेला माळ आणि पत्र्याचं घर!"

आई चिडली नाही. म्हणाली, "माज्या आईला कुनी इचारलं न्हवतं, कुटं ऱ्हायचंय म्हून. टरकात घातलं आन् माळावर आनून सोडलं. तू बी तेच करतीयास. इचार की मला."

मला आणखीच राग आला. नितीन झाडांकडे बघत राहिला. शेवटी इराने आजीचा हात धरला, तशी ती उठली आणि माझ्या पुढे चालत तळ्यावर पोचली. ओंजळभर पाणी प्यायली. "ग्वाड हाय."

मी शेजारी बसले. "बरं, कुठं राहायचंय तुला?"

"गावाला. थंडीत येत जाईन तुज्याकडं."

आता ती तिथेच आहे. वहिनींची सून रात्री सोबतीला झोपते. मी तिच्या घरात लावून घेतलेल्या कॅमेऱ्यावर आई जुन्या लुगड्याचं फडकं टाकते; फोनवर आमची रोज खडाजंगी होते. ऑस्ट्रियाहून परतल्यावर फ्लॅटचं दार उघडताच इरा ओरडली होती, "होम!" इथला आमचा व्हिसा नितीनच्या नोकरीवर; ती आहे तोवर इराचं खरं आहे. नोकरी संपली की कुठं राहायचंय, हे आम्हाला कुणी विचारणार नाही. आईला निदान मी विचारलं.