आशा कोणाला आहे?

आमच्या खात्यात तिला सगळे आशाताई म्हणायचे. हे काही तिचं नाव नव्हे. खरं नाव सेवापुस्तकात होतं आणि ते बहुधा सेवापुस्तकालाच आठवत असावं. परराष्ट्र खात्याच्या पत्रव्यवहार शाखेत ती मसुदे लिहायची. दुसऱ्या देशाला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पत्राची शेवटची ओळ तिच्या हातची असायची: ‘अशी आशा व्यक्त करण्यात येत आहे.’ वर आभार असोत की खडाजंगी, शेवटी ही ओळ ठरलेली. म्हणून आशाताई.

मी तिच्या समोरच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसले. माझ्याकडे जावक नोंदवही. ती लिहायची, साहेब सही करायचे, मी क्रमांक टाकून पाकीट बंद करायचे. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, आठ लोखंडी कपाटं, दोन खिडक्या. त्यातली एक रंगवताना बंद झाली ती कायमचीच.

मी नवी असताना तिनं मला आशेच्या पायऱ्या शिकवल्या होत्या. “‘अपेक्षा आहे’ असं लिहिलं की समजायचं, आपण रागावलोय. ‘विश्वास आहे’ म्हणजे आतून सगळं ठरलंय, फक्त कागद व्हायचाय. नुसती ‘आशा आहे’ म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. आणि ‘मनःपूर्वक आशा आहे’ दिसलं ना, की फाइल खुशाल कपाटात टाकायची.” हे ती अजिबात न हसता सांगायची, त्यामुळे मलाच हसू आवरायचं नाही.

घरी नवरा आणि सासूबाई. नवरा पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचा. संध्याकाळी विचारायचा, “काय, आज किती आशा व्यक्त झाल्या?” ती सांगायची, “चार. त्यातली एक मनःपूर्वक.” असं हसत-खेळत चाललं होतं. त्यात बदल झाला तो एका बाईंमुळे.

त्या बाई कपडे शिवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ नदीवर पाण्याची पातळी मोजण्याच्या कामावर होता. नदीच्या पलीकडे दुसरा देश. एका सकाळी दाट धुक्यात त्याच्या बोटीचं इंजिन बंद पडलं आणि बोट वाहत पलीकडच्या काठाला लागली. बोट तिथल्या पहारेकऱ्यांनी ओढून घेतली आणि त्याला हद्द ओलांडली म्हणून आत टाकलं. दोन्ही देशांचं त्या वर्षी नुकतंच बिनसलं होतं, नाहीतर चहा पाजून परत धाडला असता.

बाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायच्या. आईवडील लवकर गेले, भावाला त्यांनीच वाढवलेला. पलीकडे गेलेल्या पत्राची प्रत नातेवाइकांना दाखवायची मुभा होती. तीन वर्षं त्या आल्या, बाकावर बसल्या, प्रत पाहिली आणि गेल्या. मग एका सोमवारी म्हणाल्या, “ताई, चष्मा विसरलेय. शेवटचं तेवढं वाचून दाखवा ना.”

आशाताईनं वाचलं, “‘सदर इसमाच्या सुटकेबाबत सहानुभूतीनं विचार होईल अशी आशा व्यक्त करण्यात येत आहे.’”

“कोणाला आहे?”

“काय?”

“आशा. कोणाला आहे? तुम्हाला आहे का?”

आशाताईचं बोट कागदावर तसंच राहिलं. “खात्याला आहे,” ती शेवटी म्हणाली.

“खात्याला. बरं,” असं म्हणून बाईंनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं आशाताई मला नंतर म्हणाली.

त्या दुपारी तिनं ती फाइल काढली. तीन वर्षांत तेरा पत्रं गेली होती, दर तिमाहीला एक. पलीकडून नऊ उत्तरं होती: ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. उभय देशांतील स्नेहभाव वृद्धिंगत होईल अशी आशा आहे.’

“तिकडेही माझ्यासारखीच एक बसलेली दिसते,” ती म्हणाली. मी हसले. ती हसली नाही. “तेरा पत्रं गं. एकातही कोणी माणूस नाही. आशा व्यक्त करण्यात येते, विचार करण्यात येतो, नोंद घेण्यात येते. करणारा कोणीच नाही.”

चौदावा मसुदा तिनं वेगळा लिहिला. ‘येत्या बारा तारखेला सकाळी दहा वाजता त्यांची बहीण पुलावरील आमच्या चौकीत हजर राहील. त्या वेळी भावाशी तिची भेट घडवून आणाल अशी आम्हाला आशा आहे.’

साहेब सावध गृहस्थ. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, ती अंगाला काही न लागता काढायची हा त्यांचा बेत. त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं शेवटची दोन्ही वाक्यं खोडली आणि तिला बोलावलं.

“आशेला तारीख घालत नाहीत, आशाताई. तारीख घातली की ती मागणी होते.”

“मग होऊ दे मागणी.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“आत्ता हो म्हणतायत का, साहेब?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “असं पत्र पूर्वी गेल्याचा दाखला आहे? दाखला आणा, मग बघू.”

त्यांना वाटलं असणार, मिटलं. कारण जुने कागद तळघरात होते आणि तळघराला ना यादी ना धड दिवा. आशाताई जेवणाच्या सुट्टीत रोज खाली जायला लागली. नऊ दिवस तिचा डबा मी परत बांधून दिला. दहाव्या दिवशी ती वर आली ती केसांत धूळ आणि हातात चाळीस वर्षांपूर्वीचं पिवळं पत्र घेऊन. कुठल्याशा मोठ्या पुराच्या वर्षी आपल्या खात्यानं पलीकडे लिहिलं होतं: शुक्रवारी सकाळी आठ वाजता औषधं घेऊन तुमची नाव आमच्या धक्क्याला लागेल अशी आम्हाला आशा आहे. आणि त्याला टाचणीनं जोडलेलं एका ओळीचं उत्तर होतं, ‘नाव लागेल.’

साहेबांनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाले, “ही सूचना तुमची, असं नस्तीवर लिहून द्या.” तिनं उभ्या उभ्या लिहून दिलं आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली. त्या सहीकडे मी जरा वेळ बघत राहिले. मग पत्राला क्रमांक टाकला.

उत्तर आलं नाही. बारा तारखेला आशाताईनं रजा टाकली आणि पहाटेच्या बसनं ती बाईंबरोबर पुलावर गेली. पुलाच्या मधोमध पांढरा पट्टा, दोन्ही टोकांना आडवे लोखंडी दांडे, अलीकडे चौकी, चौकीत एक बाक आणि पाच मिनिटं मागे चालणारं घड्याळ. बाईंनी भावासाठी सदरा शिवून आणला होता. “मापं जुनी आहेत,” त्या म्हणाल्या. “बारीक झाला असेल म्हणून बाजूच्या शिलाया आत घेतल्यात.”

चौकीतला शिपाई भला माणूस होता. “बाई, तिकडून कोणी इकडे येताना मी चार वर्षांत पाहिलं नाही,” तो म्हणाला आणि त्यानं चहा मागवला. चार वाजेपर्यंत त्या बसल्या. कोणी आलं नाही.

परतीच्या बसमध्ये बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही आता येऊ नका. तुमची कामं खोळंबतात.”

“पुढच्या पत्रात मी ‘दोघी हजर राहतील’ असं लिहिणार आहे,” आशाताई म्हणाली. “सरकारी कागदावर खोटं कसं लिहू?”

पंधरावं पत्र तिमाहीची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी तयार झालं. ‘बारा तारखेला सदर इसमाची बहीण सकाळी दहा ते दुपारी चार चौकीत हजर होती. भेट होऊ शकली नाही. पुढील महिन्याच्या बारा तारखेला त्या एका सोबतिणीसह पुन्हा हजर राहतील. त्या वेळी भेट होईल अशी आम्हाला आशा आहे.’ साहेब सही करून मोकळे झाले.

मग दर महिन्याला एक पत्र आणि दर बारा तारखेला एक रजा. नवऱ्यानं आधी कुरकुर केली, मग एकदा मसुदा मागून घेतला आणि सवयीनं तपासला. “दोनदा ‘कृपया’ आलंय. एक काढ. दोनदा म्हटलं की गयावया वाटते.” तिनं काढलं. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “तिकडचे काय बहिरे आहेत? एकदा सांगून ऐकत नसतील तर दहादा सांग. तू घराची काळजी करू नकोस.” त्या दिवसापासून बारा तारखेचा डबा सासूबाई भरायला लागल्या, दोघींचा.

चौथ्या महिन्यात वरून सचिवांचं बोलावणं आलं. साहेब जिना चढताना दोनदा थांबले. मी फाइल घेऊन मागे होते, म्हणून पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. सचिवांनी विचारलं, “दर महिन्याला पोस्टकार्डं टाकल्यासारखी ही पत्रं कोण पाठवतंय?”

मला वाटलं, आता साहेब नस्तीवरचं तिचं लिखाण पुढे करणार. साहेबांनी घसा खाकरला. “माझ्या शाखेतून जातात. दाखला आहे. आणि सर, त्या बाई दर वेळी खरंच तिथे जाऊन बसतात.”

सचिव बराच वेळ फाइल चाळत राहिले. “जाऊ देत,” एवढंच म्हणाले. पत्रं जाऊ देत की विषय जाऊ दे, ते आम्ही विचारलं नाही.

पाचव्या बारा तारखेला पलीकडचा एक अधिकारी पांढऱ्या पट्ट्यापर्यंत चालत आला. त्यानं आमच्या भाषेत, अडखळत, विचारलं, “पत्रातल्या बहीण कोण?” बाई उठून उभ्या राहिल्या. त्यानं दोघींकडे नीट पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि तो परत गेला. सहाव्याला तोच माणूस एक घडी घातलेला कागद घेऊन आला. चार ओळी, भावाच्या अक्षरातल्या. त्यातली एक ओळ अशी होती: ‘दुकान चालू ठेवलंस ना?’ बाई तो कागद वाचून आधी हसल्या आणि मग बाकावर बसून रडल्या. सातव्याला वीस मिनिटांची भेट झाली, पट्ट्याच्या दोन बाजूंना उभं राहून.

आणि मग पलीकडून पत्र आलं. ते साहेबांनी शाखेत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. सुटकेचा हुकूम झाल्याचं वर होतं, आणि शेवटी: ‘येत्या बारा तारखेला सकाळी दहा वाजता त्यांना नेण्यासाठी आपण पुलावर हजर असाल अशी आम्हाला आशा आहे.’ आशाताईनं पत्र हातात घेतलं, शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “शिकली गं ती तिकडची.”

भाऊ आला. आठवड्यानं आम्ही दोघी त्याला भेटायला बाईंच्या दुकानात गेलो. तो शिलाई यंत्राशेजारी स्टुलावर बसून सदऱ्याला काजं करत होता. नदीवर पुन्हा जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. बोलायचा हळू, पण बोलायचा.

“तीन वर्षं मला वाटत होतं, घरच्यांनी मला बुडालेला धरलंय,” तो म्हणाला. “मग एक दिवस तिथला अधिकारी म्हणाला, तुला बहीण आहे का रे? ती पुलावर येऊन बसते.”

“त्याआधी आमची पत्रं आल्याचं कोणी सांगितलं नाही?” आशाताईनं विचारलं.

“कुठली पत्रं?”

तिनं कप खाली ठेवला. घरी येताना ती वाटेत थांबली. मग म्हणाली, “तेरा पत्रं. त्याच्या कानापर्यंत एक अक्षर गेलं नाही.”

“पद्धतच तशी होती,” मी म्हटलं. “तुझा काय दोष?”

“ओळ माझी होती ना?”

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा आठही कपाटं उघडी होती. दुपारपर्यंत तिच्या टेबलावर सात फायली आल्या. सात माणसं, वेगवेगळ्या कारणांनी पलीकडे अडकलेली, शेवटचं स्मरणपत्र कुठे दोन तर कुठे चार वर्षांपूर्वीचं. पहिली फाइल एका शाळामास्तरांची होती. त्यांच्या घरच्यांना पाठवलेली पत्रं ‘पत्ता बदलला’ असा शेरा मारून परत आली होती. आशाताईनं जुना पत्ता कागदावर उतरवला आणि ती त्या घरच्यांना शोधायला निघाली. साहेब दारात भेटले, त्यांनी तिच्या हातातला कागद पाहिला आणि बाजूला होऊन वाट दिली.

हे सगळं पुढे अकरा वर्षं चाललं. त्या सातांपैकी तिघं परतले, मास्तर त्यात होते. एकजण वारल्याचं कळलं. निदान घरच्यांनी वाट बघणं तरी थांबवलं. एकानं तिकडे संसार थाटला होता, त्यानं निरोप पाठवला की मी बरा आहे, शोधू नका. राहिल्या दोन फायली. त्यांसाठी ती शेवटपर्यंत लिहीत राहिली आणि पुलावर जात राहिली. शिपाई बदलले, बाक बदलला. कधी नवरा सोबत जायचा, कधी शिवणवाल्या बाई दुकान भावावर सोपवून यायच्या.

आशाताईच्या निवृत्तीच्या दिवशी निरोपाची भाषणं झाली. कोणीतरी तिला पुढील आयुष्य सुखाचं जावो अशी आशा व्यक्त केली आणि सगळे हसले. भाषणं संपल्यावर तिनं त्या दोन फायली आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. माझी नोकरी अजून तीन वर्षं होती.

“मला मसुदे कुठे येतात?” मी म्हटलं. “मी जावकवाली.”

“कोण, कधी, कुठे, एवढंच लिहायचं असतं,” ती म्हणाली. “बस पाचला सुटते. पुढची जागा धर, मागे फार हादरे बसतात.”

मी कॅलेंडर पाहिलं. बारा तारखेला नऊ दिवस होते. मी रजेचा अर्ज काढला.