झरीतला रोमचा डोंगर

योगिताबाई गंजाडच्या पाड्यावरच्या. घरात आधी कुणी दहावीपर्यंतही पोचलं नव्हतं, आणि या बाई चक्क इतिहास घेऊन एम.ए. झाल्या! झरीजवळच्या आश्रमशाळेत त्या रोम शिकवायला लागल्या, की स्वयंपाकीण जमनामावशी पळी हातात घेऊन वर्गाच्या दारात उभी राहायची.

२०१७च्या शाळेच्या संमेलनासाठी त्यांनी रोमचंच नाटक बसवायला घेतलं. मुख्याध्यापक सुनिल सरांनी कपाळाला हात लावला.

"अहो बाई, आपल्या पालकांना रोमशी काय देणंघेणं? तारपा नाच ठेवा, टाळ्या पडतील."

"तारपा आपलाच आहे सर, तो कुठं पळून जातोय? पण बाकीचं जग काय शहरातल्या पोरांना आंदण दिलंय?"

बाई चिडल्या की समोरच्याची धडगत नसे. सर म्हणाले, "करा. पण लोक मधेच उठले, तर पुन्हा रोमचं नाव काढायचं नाही." बाईंनी तोऱ्यात हो म्हटलं.

संमेलनाला मंडप गच्च भरला. नाटक सुरू झालं. नदीकाठच्या झोपड्यांचं गाव झालं, गावाचं शहर झालं, लोकांनी राजाला हाकलून कारभार हाती घेतला. पण कारभारी कोण? पांढऱ्या चादरी गुंडाळलेले बडे लोक! लढायचं साध्या माणसांनी, राबायचं त्यांनीच, आणि न्याय करणार हे. शेवटी साधी माणसं वैतागली, कामं टाकून शहराबाहेरच्या डोंगरावर जाऊन बसली. डोंगर म्हणजे मंडपाच्या कडेला रचलेला पेंढा.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली म्हातारी रूपीआजी उठली. मग शेजारची बाई, मग अख्खी रांग. सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, संपलं सगळं!

पण आजी फाटकाकडे वळलीच नाही. तरातरा गेली आणि पेंढ्यावर पोरांच्या शेजारी फतकल मारून बसली.

"आमीपण असंच बसलेलो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "जमीनदाराचं गवत कापायचं सोडलेलं. मी पोर होते, आईला चिकटून बसलेले."

मग काय! माणसं तिच्यामागोमाग जाऊन बसली. पेंढा दिसेनासा झाला.

बड्या लोकांतला, चादरीतला मनिष पार गोंधळला. कसंबसं पाठ केलेलं म्हणाला, "परत चला. तुमची माणसं तुम्ही निवडा. ती आमचा हुकूम अडवतील."

ठरल्याप्रमाणे पोरं उठायला लागली. आजीनं त्यांच्यातल्या शितलचा हात धरून तिला खाली बसवलं. "बस गं! आज बोलतील, उद्या फिरतील. कायदा लिवून दे म्हनावं."

बाईंना राहवेना. त्या पुढे आल्या. "आजी, रोमच्या लोकांनीही पुढे हेच मागितलं! आणि मिळवलं. कायदे पत्र्यांवर कोरून भर चौकात लावायला लावले. कायदा लिहिलेला हवा, सगळ्यांना दिसायला हवा, हे जग त्यांच्याकडूनही शिकलं."

"भले!" आजी खूश झाली. मग रिकाम्या मंडपात एकट्या उभ्या सरांकडे तिचं लक्ष गेलं. "मास्तर, तुमी तिकडं कुनाच्या बाजूचे? या इकडं!"

सर आले. चपला काढून पेंढ्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, पुढचं रोम सांगा."

अभिमानानं बाईंचा ऊर असा भरून आला, की पहिलंच वाक्य दोनदा सुरू करावं लागलं.